दुवा, ताशी दराने

करारात माझं नाव एकदाच येतं,
मार्लिस एंगेब्रेटसन, पहिल्या पानावर.
पुढे मी सगळीकडे ‘कंत्राटदार’.
कंत्राटदार स्वतःची गाडी वापरेल.
कंत्राटदार बिल्ला लावणार नाही.
कंत्राटदार कोणालाही अटक करणार नाही.
सव्वीस वर्षं डेप्युटी होते मी.
हे वाचताना हात आपोआप कमरेकडे गेला,
तिथे फक्त स्वेटरची कड.

काम असं:
एका टोकाला बिस्मार्कमधलं महामार्ग सुरक्षा कार्यालय,
दुसऱ्या टोकाला अठ्ठावीस पोलीस ठाणी.
काही ठाणी म्हणजे एक टेबल, एक रेडिओ
आणि गोठलेल्या नळाशी भांडणारा एक माणूस.
मधलं अंतर माझं.
तिकडच्यांना आकडे हवेत, इकडच्यांना ओव्हरटाइम.
तिकडची भाषा सोपी करून इकडे आणते,
इकडच्या शिव्या गाळून तिकडे नेते.

ऑक्टोबरअखेर बीटचे ट्रक चिखल सांडत जातात
आणि रस्ता ओल्या साबणासारखा होतो.
तेव्हा गेले होते ड्वेन फिशबाखकडे.
गावात पोलीस दोनच. दुसरा रजेवर,
बायकोचे दिवस भरलेले.
ड्वेननं गस्तीचा निधी जसाच्या तसा परत पाठवला होता.
‘रात्री रस्त्यावर उभं कोण राहणार?
मी आणि माझी सावली?
सावलीला दीडपट दर लागू होतो का, विचार त्यांना.’
मी वहीत लिहून घेतलं: मनुष्यबळाची अडचण.

मग अपघातांच्या अहवालांची फाइल.
बावीस कागद. बारावर थांबले.
चालक कोल्बी, वय एकोणीस.
सीटबेल्ट: लावलेला, नव्हता, अज्ञात.
खूण तिसऱ्या चौकटीत.
‘काच फोडून बाहेर फेकला गेला, असं खाली तूच लिहिलंयस,
आणि वर अज्ञात?’

ड्वेननं खिडकीतून धान्याच्या कोठाराकडे पाहिलं,
जणू तिथून कोणी हाक मारली.
‘बहिणीचा मुलगा,’ म्हणाला.
‘तिनं एकच विचारलं, बेल्ट होता का रे.
मी म्हणालो, सांगता येत नाही.
आता कागदाला वेगळं कसं सांगू?’

कलम सात मला पाठ आहे.
कंत्राटदार कोणत्याही अहवालात ढवळाढवळ करणार नाही,
नोंदींच्या अचूकतेबाबत मार्गदर्शन मात्र करेल.
मार्गदर्शन.
नव्व्याण्णवच्या जानेवारीत पहाटे चारला
मी एका दारावर थाप मारली होती,
टोपी काखेत, मिशांसारखं बर्फ ओठांवर,
आणि म्हणाले होते, लगेच गेला, त्रास झाला नाही.
चाळीस मिनिटं त्रास झाला होता.
त्याला चौकट नव्हती कुठल्याच फॉर्मवर,
म्हणून कोणी मार्गदर्शन करायला आलं नाही.

फाइल मिटली. कॉफीवर साय धरली होती.
म्हणाले, ‘त्यांना तिकडे वाटतं,
या रस्त्यावर सगळे बेल्ट लावतात.
म्हणून पैसे दुसरीकडे जातात, ड्वेन.’
तो काही बोलला नाही. मीही नाही.

गाडीपर्यंत सोडायला आला तेव्हा डिकीकडे बोट दाखवलं,
‘त्या लहान मुलांच्या खुर्च्या उरल्यात का?’
धाकट्या पोलिसाचा पिकअप मागेच उभा होता, किल्ली आतच.
आम्ही दोघं साठीच्या पुढचे,
मागच्या सीटवर गुडघे रोवून, एकमेकांच्या कोपरात अडकत.
एका इंचापेक्षा जास्त हलता कामा नये, मी सांगितलं.
त्यानं पट्टा ओढला.
खुर्ची हलायची थांबली,
तरी ओढत राहिला,
मानेची शीर टरारेपर्यंत.
मी बाहेर उतरून टायरवरचा चिखल बघत बसले.

घरी येऊन बिल केलं.
मैल तीनशे ब्याऐंशी. तास नऊ.
हेतू: तांत्रिक साहाय्य.
निष्पत्ती: एक खुर्ची बसवली.
बारा नंबरचा कागद तसाच आहे.
बाकीचं वसंतातल्या फेरीत,
तोवर करार राहिला तर.